माझं लई मोठं कुलूप

मार्थाताईचा मुलगा परवा पुंडलिकनगरला माझ्याकडे आला आणि चहा पिता पिता मोबाइल माझ्यापुढं धरून म्हणाला, "मावशी, ऐक ना, काय सुंदर आहे." परदेशातल्या कुठल्या तरी चर्चमध्ये जुनी लॅटिन मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चालली होती. जरीचा झगा घातलेला फादर लोकांकडं पाठ करून वेदीपुढं उभा, धुपाचा धूर, वरून कुठून तरी गाणं. दिसायला सुंदर होतं, मी नाही म्हणत नाही. पण मी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बंद कर ते. आत्ताच्या आत्ता." तो बिचारा गोंधळला. त्याला काय माहीत, की ज्या मिस्सेचं त्याला कौतुक वाटतंय, तिच्यापायी याच गावात काही लोकांनी ठरवलं होतं, की त्याच्या आईबापांचं लग्न झालेलंच नाही आणि त्यांना होणारी पोरं पापाची. हे शब्द माझे नाहीत. आमच्या घरात, आमच्या खुर्चीवर बसून, आमचा चहा पिता पिता फादर लिओ ते बोलले होते. माणूस म्हातारा झाला की राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही, आणि तो निवावा असं मला वाटतही नाही.

फादर लिओंचं चर्च म्हणजे जालना रोडवर, चिकलठाण्याच्या अलीकडं, एका बंद पडलेल्या मोटार गॅरेजची पत्र्याची शेड. लोक त्याला पत्र्याचं चर्चच म्हणत. आत धुपाच्या वासाखाली ग्रीसचा वास कायम असायचा आणि उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की मेणबत्त्या पेटवण्याआधीच वाकायच्या. डावीकडं बायका, डोक्यावर पदर, उजवीकडं पुरुष. भिंतीवर पोपची तसबीर होती, पण ती जुन्या, मेलेल्या पोपची. त्यानंतरचे पोप खरे नाहीत, रोमची गादी रिकामी आहे, असं फादर लिओ सांगत. मोठ्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत सुरू झाली, वेदी फिरवून फादर लोकांकडं तोंड करून उभा राहायला लागला, त्या दिवशी ती मिस्सा मेली. नव्या विधीनं ज्याला दीक्षा मिळाली तो फादरच नव्हे. तो भाकर उचलतो ती नुसती भाकर, ख्रिस्तशरीर नव्हे. त्याच्यापुढं पाप कबूल केलं तर ते भिंतीला सांगितल्यासारखं. त्याच्या हातचा बाप्तिस्मासुद्धा संशयाचा, म्हणून आमच्यातल्या एका कुटुंबाच्या रांगत्या पोराला पुन्हा पाण्याखाली धरलं गेलं आणि फादर लिओ म्हणाले, जर तुझा बाप्तिस्मा झाला नसेल, तर मी तुला बाप्तिस्मा देतो. ते पोर थंड पाण्यानं कळवळून रडत होतं आणि ते 'जर' माझ्या मनात रुतून बसलं. आपल्या पोटच्या पोराच्या कपाळावर माणसं असा 'जर' का लावून घेतात, हे मला तेव्हाही कळलं नाही.

बाबांना तिथं कुणी ओढून नेलं नव्हतं. ते आपल्या पायांनी गेले, आणि गेले ते आम्हाला घेऊन गेले. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ते टाइमकीपर होते. भोंगा झाल्यावर आलेल्या माणसाचं ते काही ऐकून घेत नसत, मग त्याच्या घरी मयत का असेना. त्यांचं शिक्षण गावाकडं मिशनच्या शाळेत जेमतेम सातवीपर्यंत झालेलं. पण लहानपणी ते मिस्सेला फादरच्या हाताखाली असायचे आणि सगळी लॅटिन उत्तरं त्यांना तोंडपाठ होती. गावातल्या पाटलाच्या पोरांना जे येत नव्हतं ते या पोराला येत होतं. साऱ्या जन्मात त्यांना मिळालेलं मोठेपण तेवढंच. मग एका रविवारी मोठ्या चर्चमध्ये सगळ्यांना कळेल अशा मराठीत प्रार्थना सुरू झाली आणि बाबांचं ते मोठेपण एका सकाळीत फुकट गेलं. घरी येऊन ते आईला म्हणाले, "आता भाजीवालीला बी कळतंय. मग देवळात अन् बाजारात फरक काय ऱ्हायला?" आई म्हणाली, "कळलं तर काय बिघडलं हो?" हे सगळं मला आज समजतं. समजतं म्हणून मी माफ करते असा अर्थ कुणी काढू नये.

आम्ही औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत दोन खोल्यांत राहायचो. शेजारी रजिया खाला, भिंतीला भिंत. तिच्या घरात शुक्रवारी नान-खलिया शिजायचा. दुपारपासून मसाल्याचा आणि मटणाचा वास आमच्या खोल्यांत येऊन बसायचा, आणि नमाज झाली की खाला झाकलेलं भांडं घेऊन दारात उभी. शुक्रवारी मटण न खाण्याचा नियम मोठ्या चर्चनं कधीच सैल केला होता, पण आमचे बाबा जुन्या नियमाचे. भांडं झाकून फडताळात वर जायचं आणि आम्ही त्या वासाखाली बसून ज्वारीची भाकरी आणि पिठलं खायचो. दुसऱ्या दिवशी खलिया तापवला की वर तेल तरंगायचं, नान चिवट झालेला असायचा. खालाला आईनं कधी सांगितलं नाही. भांडं परत देताना म्हणायची, "लई झ्याक झालता." रविवारी तर याहून कठीण. कम्युनियन, म्हणजे वेदीवरची ती भाकर, घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नको. उपाशीपोटी औरंगपुऱ्यापासून त्या शेडपर्यंत चालत जायचं, गुडघ्यांवर बसायचं, जीभ बाहेर काढायची. हातात भाकर घेणं हा अपमान, फादरचीच बोटं चालतात. मला कैकदा डोळ्यांपुढं अंधारी यायची. एकदा मी पडलेसुद्धा. बाबा अभिमानानं म्हणाले, "पोरगी उपासानं पडली, पण पाणी मागितलं नाय." मी मागितलं नव्हतं, कारण ते देणार नाहीत हे मला माहीत होतं.

रोज संध्याकाळी रोझरी, जपमाळेची प्रार्थना. आणि रोझरीनंतर लॅटिनचा पाठ. बाबा म्हणायचे, आम्ही मागून म्हणायचो. अर्थ विचारायचा नाही, देवाला कळतो. त्यात एक प्रार्थना अशी होती की मध्येच छातीवर मूठ आपटायची आणि म्हणायचं, मेआ कुल्पा, मेआ कुल्पा, मेआ माक्सिमा कुल्पा. मला वाटायचं, हे कुलपाबद्दल आहे. माझ्या कुलपा, माझ्या कुलपा, माझ्या मोठ्या कुलपा. छातीवर मूठ आपटायची ती कुलूप उघडत नाही म्हणून, असा मी अर्थ लावला होता. एकदा भांडी घासताना मी हे आईला सांगितलं तर ती इतकी हसली की राखेचा हात तोंडाला लागला. मग पुढं बाबा ती प्रार्थना म्हणायला लागले की आई माझ्याकडं बघायची नाही, पण तिचे खांदे हलायचे. मार्थाताईनं नंतर आम्हाला खरा अर्थ सांगितला. कुल्पा म्हणजे अपराध. माझा अपराध, माझा अपराध, माझा फार मोठा अपराध. तो ऐकून आई म्हणाली, "आपलं कुलूपच बरं गं."

मार्थाताई माझी थोरली बहीण. सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि तिथल्या कुणालाच घाबरत नव्हती. तिनं सायमन मास्तरांशी लग्न ठरवलं. मुलगा कॅथोलिक, शाळेत गणित शिकवणारा, दारूला न शिवणारा. बाबांना दुसरं काय हवं होतं? पण सायमन मोठ्या चर्चचे, लग्न मोठ्या चर्चमध्ये, मराठीत. फादर लिओ घरी आले. आईनं चहा केला. ते ताईला अगदी गोड आवाजात म्हणाले, "मुली, ते लग्न देवापुढं होणार नाही. तू त्या माणसाची बायको नव्हे, रखेल होशील. तुमची मुलं पापाची होतील." आई चहाची बशी हातात घेऊन तशीच उभी राहिली. ताईचा चेहरा पांढरा पडला, पण आवाज शांत होता. म्हणाली, "फादर, तुमीच शिकवलंय मला. लग्न हा एकच संस्कार असा की तो फादर देत नाही. नवरा बायकोला देतो, बायको नवऱ्याला. फादर नुसता साक्षीला. मग साक्षीदाराची भाषा मराठी झाली तर आमचं लग्न कसं मोडलं?"

"साक्षीदार खरा पाहिजे. तो फादरच नव्हे."

"मग तुमी या साक्षीला. मोठ्या चर्चात येऊन उभं ऱ्हा."

फादर लिओ हसले, जसं लहान पोराला हसतात. बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "फादरशी तोंड वर करून बोलतीस? या घरातलं कुणी त्या लग्नाला येणार नाय. आईसुद्धा नाय." ताईनं त्याच आठवड्यात आपली ट्रंक नर्सेसच्या हॉस्टेलवर नेली. आईनं लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आपली मोरपंखी साडी बाहेर काढून दोरीवर टाकली, वारा लागावा म्हणून. बाबांनी ती पाहिली.

लग्नाच्या दिवशी बाबांची सकाळपाळी होती. डबा घेऊन ते निघाले, आणि बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला. मग कुलपाचा. मी खिडकीकडं धावले. बाबा कुलूप ओढून बघत होते. त्यांच्या गळ्यात तपकिरी कापडाच्या दोन तुकड्यांची दोरी असायची, स्कॅप्युलर म्हणतात तिला. ती घालून मेलेल्याला नरकाची आग लागत नाही, अशी श्रद्धा. त्या दोरीला त्यांनी किल्ली बांधली आणि ती बनियनच्या आत टाकली. मला गजांतून बघून म्हणाले, "आईला सांग, तिच्या आत्म्यासाठी करतोय." आजही त्या वाक्याइतकी चीड मला दुसऱ्या कशाची येत नाही. त्यांनी रागानं कुलूप लावलं असतं, दोन शिव्या दिल्या असत्या, तर मी कदाचित विसरले असते. बायकोला कोंडून घातलं आणि वर ते तिच्याच भल्याचं केलं. मोठं अलिगढी कुलूप होतं, आम्ही गावाला जाताना लावायचं ते.

आई थोडा वेळ चुलीपुढं बसून राहिली. तांदूळ निवडत होती, ते तिनं पुरे निवडले. मग उठली, साडी नेसली, आंबाडा घातला, आणि खलातला लोखंडी बत्ता उचलून दाराशी गेली. कुलूप बाहेर होतं, पण कोयंड्याची दोन टोकं चौकटीतून आत आलेली आणि मुडपलेली होती. ती तिनं पकडीनं सरळ केली. मग बत्ता हाणायला लागली. सुरुवातीला काही बोलत नव्हती. मग मला ऐकू आलं, ती ठोक्याबरोबर पुटपुटत होती. मेआ कुल्पा. ठोका. मेआ कुल्पा. ठोका. मेआ माक्सिमा कुल्पा, आणि सगळा जोर लावून. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मला हसू फुटत होतं, आणि मग तीही रडता रडता हसायला लागली.

बाहेरून खालाचा आवाज आला. "भाबी, क्या चल रा अंदर?"

"ताला लगाके गये उनो," आई म्हणाली. "बेटी की शादी है आज मेरी."

खाला म्हणाली, "ताला मैं नै तोडती भाबी. मरद का ताला है, कल को बोलेंगे पडोसन घर फोडी. मगर कोयंडा तो मकानमालिक का है. तुम अंदर से मारो, मैं इधर से खींचती."

आतून आई, बाहेरून खाला. चौकटीचं लाकूड करकरलं, आणि कोयंडा सबंधच्या सबंध बाहेर निघाला. दार उघडलं. कुलूप मात्र तसंच बंद, कोयंड्याला धरून कडीला लोंबकळत होतं. खालानं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "देखो, किसी ने छुआ भी नै." मग आपल्या ओढणीनं आईचं तोंड पुसलं आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन टांगा थांबवला.

तरीही आम्ही वेळेत पोचलो नाही. टांगा चर्चपुढं थांबला तेव्हा लोक बाहेर येत होते. ताईच्या हातात फुलं होती आणि बोटात अंगठी. आमच्या बाजूचं कुणीच नव्हतं, नर्सेस सोडून. आई पायरीशी उभी राहिली. "झालं?" एवढंच म्हणाली. ताई खाली आली, तिच्या गळ्यात पडली. "झालं गं." आई तिला थोपटत राहिली आणि मग लहान मुलीसारखी विचारायला लागली, "काय इचारलं तुला? मराठीत इचारलं?" ताई म्हणाली, हो. तेव्हा आईनं जे सांगितलं ते आम्ही पहिल्यांदा ऐकलं. "मला फादर म्हणले, वोलो म्हण. मला वाटलं, बोलो म्हणतेत. मी म्हटलं, काय बोलू? सगळे हासले. अन् लग्न लागलं. मला काय इचारलं व्हतं ते मला अजून ठाव नाय." वोलो म्हणजे लॅटिनमध्ये 'माझी इच्छा आहे'.

सायमन मास्तर पुढं आले. भर उन्हात, पायऱ्यांवर, ताईचा हात पुन्हा हातात घेऊन ते आईपुढं उभे राहिले आणि सगळं पुन्हा म्हणाले. सुखात आणि दुःखात, आजारात आणि बरं असताना, जन्मभर. मग ताई म्हणाली. बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं. आई एकेक शब्द ऐकताना ओठ हलवत होती. शेवटी म्हणाली, "एवढंच व्हय? हे तर मी सगळं केलंय की."

संध्याकाळी बाबा आले. कडीला लोंबकळणारं कुलूप त्यांनी पाहिलं, उखडलेली चौकट पाहिली. किल्ली काढली नाही. कोयंडा बसवला नाही. "ऱ्हाऊ दे तसंच," म्हणाले, "फादर येऊन बघतील." आठवडाभर आम्ही दाराला आतून पाटा लावून झोपलो. शुक्रवारी खालाकडून भांडं आलं आणि आईनं ते फडताळात ठेवलं नाही. नान गरम होता. बाबा भाकरी खात होते, आम्ही खलिया खात होतो, आणि कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

रविवारी आई पत्र्याच्या चर्चला आली. मला वाटलं होतं ती येणार नाही. पण तिला ते सगळं खरंच आवडायचं, त्या मेणबत्त्या, ती शांतता. ते तिचंही चर्च होतं, नुसतं बाबांचं नव्हे. फादर लिओंनी प्रवचनात तिचं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांनी माना वळवल्या. कम्युनियनच्या आधी त्यांनी तिला पुढं बोलावलं. म्हणाले, हिनं खोट्या विधीला हजेरी लावली आहे. हिनं सर्वांपुढं गुडघे टेकून कबुली द्यावी, मगच हिला ख्रिस्तशरीर मिळेल. बाबा उजव्या बाजूला खाली मान घालून बसले होते. त्यांनीच सांगितलं होतं, हे उघड होतं. आई उठली, पुढं गेली, गुडघ्यांवर बसली. मला रडू येत होतं. तिनं छातीवर मूठ आपटली.

"माझं कुलूप," ती मोठ्यानं म्हणाली. "माझं कुलूप. माझं लई मोठं कुलूप."

कुणीतरी बारकं पोर खुदकन हसलं. फादर लिओ म्हणाले, "लॅटिनमध्ये."

"लॅटिन तुमच्यापाशी ठेवा, फादर. मला इचारलंत ना अपराध काय केला? कुलूप मी तोडलं नाय. अजून बंदच हाय, घरी येऊन बघा. नुसतं दार उघडलं."

ती उठली, पदर सारखा केला, माझा हात धरला आणि पुरुषांच्या बाजूनं चालत निघाली. बाबांपाशी थांबली. "चलता का?" बाबा हलले नाहीत. बाहेर जालना रोडवर एका गाडीवर भजी तळत होते. आम्ही उपाशी होतो. उभ्यानं, कागदावरून, तोंड भाजेपर्यंत खाल्ली.

त्यानंतर आई मोठ्या चर्चला गेली, बाबा पत्र्याच्या. एका घरात राहून, एकाच पातेल्यातली भाजी खाऊन, बाबा मरेपर्यंत. बाबा ताईच्या घरी कधी जेवले नाहीत. नातवाला त्यांनी मांडीवर घेतलं नाही, त्याच नातवाला, जो परवा मला मोबाइल दाखवत होता. बाबा गेले त्याआधीच फादर लिओ वारले होते, त्यांच्या मागं कुणी खरा फादर उरला नव्हता, आणि बाबांनी बजावून ठेवलं होतं की दुसरा कुणी बोलवायचा नाही. आईनं मोठ्या चर्चचा फादर बोलावला. मराठीत पुरलं त्यांना. पुरण्याआधी अंघोळ घालताना त्या तपकिरी दोरीला किल्ली निघाली, गंजून काळी पडलेली. इतकी वर्षं. ते कुलूप आईनं कधी फेकलं नव्हतं, आणि त्यांनी कधी उघडलं नव्हतं. मी कात्री घेऊन दोरी कापायला गेले तर आईनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाली. "कुलूप हितं माझ्यापाशी हाय. जाऊ देत किल्ली घेऊन वर."